पेशीपटलाची साक्ष

काही वर्षांपूर्वी बेळगावच्या दिवाणी न्यायालयात एका बक्षीसपत्रासंबंधीचा दावा आम्ही चालविला. एका निपुत्रिक विधवेने आपले राहते घर, जिने अखेरपर्यंत तिची शुश्रूषा केली त्या भाचीच्या नावे करून दिले होते. आणि बाईंच्या निधनानंतर त्यांच्या पुतण्यांनी त्या बक्षीसपत्रास आव्हान दिले होते. आम्ही पुतण्यांचे वकील. बाईंस तरुणपणी केव्हा तरी मनोविकाराचा झटका येऊन गेला होता आणि पुढे कित्येक वर्षे त्या हॅलोपेरिडॉल नावाचे औषध रोज दीड मिलिग्रॅम घेत असत, एवढी एकच गोष्ट आमच्या हाती होती. कराराच्या १८७२ च्या कायद्याचे १२ वे कलम असे सांगते की, करार करतेवेळी ज्यास तो समजतो आणि आपल्या हिताहितावर होणाऱ्या त्याच्या परिणामाचा ज्यास विवेक करता येतो, तो मनुष्य स्वस्थचित्त समजावा. बाई त्या दिवशी भ्रमिष्ट होत्या असे सिद्ध करणे आम्हांस शक्य नव्हते. तेव्हा त्यांचा विवेक रोगाने नव्हे तर औषधाने बधिर केला होता, असे म्हणावयाचे आम्ही ठरविले.

त्यासाठी औषधशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथातील दोन पानांची छायाप्रत आम्ही पैदा केली. ही औषधे शरीरातील पेशींच्या पटलात विरघळतात, त्यांस फुगवितात आणि मज्जातंतूंस भूल दिल्याप्रमाणे मंद करतात, असे त्या पानांवर आलेखांसह छापलेले होते. बाईंवर उपचार करणारे वयोवृद्ध डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असताना आम्ही ती पाने त्यांच्या पुढे केली. ज्या बाईच्या मेंदूची एकूण एक पेशी औषधात भिजलेली आहे, तिच्या स्वाक्षरीस स्वेच्छेची स्वाक्षरी कसे म्हणावयाचे, अशा अर्थाचा प्रश्न आम्ही काहीशा आवेशाने विचारला. डॉक्टरांनी चष्मा लावून दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि उलट आम्हांसच विचारले, "हे प्रयोग कोणत्या मात्रेत केलेले आहेत?" आम्हांस ते ठाऊक नव्हते. साक्षीदाराने वकिलास प्रश्न विचारावयाचा नसतो, असा आक्षेप घेण्याचेही आम्हांस सुचले नाही. मागाहून व्हरांड्यात भेट झाली तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची पाने खोटी नाहीत. पण ती आमच्या पेशंटच्या दाव्यातली नाहीत."

त्या वाक्याने आम्हांस पुष्कळ वाचावयास लावले. आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे. परंतु पुराव्याचा तोलमोल करणे हा आमचा धंदा आहे. आणि ज्या दोन पानांच्या आधारे आम्ही एका मृत स्त्रीची बुद्धी संशयास्पद ठरवू पाहत होतो, त्यांमागचा इतिहास हा पुराव्याच्याच तोलमोलाचा इतिहास निघाला. तो येथे सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ मनोविकारात नाही, रंगाऱ्याच्या भांड्यात आहे. जर्मनीतील हाइनरिख कारो या रसायनज्ञाने १८७६ मध्ये मिथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग सिद्ध केला. त्या रंगाची रासायनिक घडण उलगडीत असताना ऑगस्ट बर्नथसेन यांस १८८३ मध्ये त्याच्या गाभ्याशी असलेला फिनोथायझिन हा पदार्थ मिळाला: तीन कड्या एकास एक जोडलेल्या, मधल्या कडीत गंधक आणि नत्र. पाउल एर्लिख यांनी हाच निळा रंग जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडून पाहिला, तेव्हा तो मज्जातंतूंस विशेष आवडीने धरतो असे त्यांस दिसले. एखादा पदार्थ शरीरातील नेमक्या जागीच का जाऊन बसतो, हा प्रश्न एर्लिख यांनी जन्मभर बाळगला आणि त्यातूनच पेशींवर विशिष्ट पदार्थांस धरून ठेवणाऱ्या जागा असल्या पाहिजेत ही कल्पना त्यांनी मांडली. त्या जागांस आज रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याची साक्ष पुढे व्हावयाची आहे.

फिनोथायझिनच्या गाभ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील रोन-पुलांक या कंपनीने काम आरंभिले. त्यातून प्रोमेथाझिन हे अँटिहिस्टामिन निघाले, आणि त्याच कुळात डिसेंबर १९५० मध्ये पॉल शार्पांतिए यांनी क्लोरीनचा एक अणू जोडून क्लोरप्रोमाझिन तयार केले. सिमोन कुर्व्हाझिए या बाईंनी ते उंदरांवर तपासले. घंटा वाजली की विजेचा झटका बसतो हे शिकून दोरावर चढणारे उंदीर हे औषध दिल्यावर घंटा ऐकूनही स्वस्थ बसत. त्यांस चढता येत नव्हते असे नाही. घंटेची त्यांस पर्वाच उरली नव्हती.

आँरी लाबोरी हे फ्रेंच आरमारातील शल्यविशारद. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने माणसे दगावतात, तेव्हा शरीर थंड करून आणि त्याच्या प्रतिक्रिया मंदावून त्यास एक प्रकारच्या कृत्रिम शीतनिद्रेत ठेवता येईल काय, या विवंचनेत ते होते. त्यांनी क्लोरप्रोमाझिन वापरले आणि त्यांच्या लक्षात आले की रोगी झोपत नाही, बेशुद्ध होत नाही. आपल्या भोवती काय चालले आहे याविषयी मात्र तो उदासीन होतो. त्यांच्या आग्रहावरून पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात जानेवारी १९५२ मध्ये एका उन्मादग्रस्त तरुणास ते देण्यात आले. त्याच वर्षी सेंत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते एकटेच, पद्धतशीरपणे आणि अनेक रोग्यांवर वापरले. ज्या वॉर्डांतून किंकाळ्या ऐकू येत तेथे शांतता पसरली. या गोष्टीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि त्यात थोडी अतिशयोक्तीही झाली आहे. परंतु साखळदंड, थंड पाण्याची स्नाने आणि विजेचे झटके यांपलीकडे ज्या रोगासाठी फारसे काही नव्हते, त्यावर प्रथमच एक गोळी मिळाली, हे निर्विवाद आहे.

औषधाचे फ्रान्समधील व्यापारी नाव लार्गाक्टिल. त्याचा अर्थ, ज्याची क्रिया विस्तृत आहे ते. या नावातच पुढच्या चुकीचे बीज होते असे आम्हांस वाटते. क्लोरप्रोमाझिन उलटी थांबवी, रक्तदाब उतरवी, शरीराचे तापमान खाली आणी, हिस्टामिनास विरोध करी, स्थानिक भूल देई, आणि भ्रमही शमवी. इतकी कामे करणाऱ्या नोकराविषयी घरमालकास जे वाटेल तेच शास्त्रज्ञांस वाटले: याचा एखाद्या खोलीशी विशेष संबंध नसावा, हा सगळ्या दारांमधून ये-जा करणारा असावा. आणि शरीरातील प्रत्येक पेशीस जे सामायिक दार असते ते म्हणजे तिचे पटल.

पटलाची ही कल्पना आयती मिळाली होती. १८९९ च्या सुमारास मारबुर्ग येथे हान्स होर्स्ट मायर आणि झ्यूरिक येथे चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक आश्चर्यकारक नियम शोधून काढला होता. भूल देणारा पदार्थ ऑलिव्हच्या तेलात जितका अधिक विरघळतो, तितका तो अधिक प्रभावी. ओव्हर्टन बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग करीत. पिल्लू पोहावयाचे थांबले की भूल चढली. तेलात विरघळण्याचे प्रमाण आणि पिल्लू निश्चल करण्याचे सामर्थ्य यांची सांगड एकीकडून दुसरीकडे इतकी सरळ बसे की, पेशीचे पटल तेलासारख्या स्निग्ध पदार्थाचे असले पाहिजे आणि भुलीचे औषध त्यात विरघळून आपले काम करीत असले पाहिजे, याविषयी शंका घेणे कठीण झाले.

मग १९२५ मध्ये लायडेन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील सगळा स्निग्ध अंश अ‍ॅसिटोनने काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. अर्थ उघड होता: पटल दुपदरी आहे. या प्रयोगात गंमत अशी की, त्यांचा अ‍ॅसिटोन सगळा स्निग्ध अंश काढीत नव्हता, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी वास्तवाहून कमी मोजला होता. दोन्ही चुका एकमेकींस खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले. दोन साक्षीदार चुकीची साक्ष देतात आणि निकाल मात्र न्याय्य लागतो, असे प्रसंग न्यायालयातही येतात. पण त्यांवर कोणी विसंबू नये.

या पार्श्वभूमीवर फिलिप सीमन हे नाव येते. सीमन यांचा जन्म १९३४ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ते पटलांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या पत्नी मेरी सीमन मनोविकारतज्ज्ञ. वॉर्डातील रोग्यांचे दुःख आणि प्रयोगशाळेतील पटल ही अशी एकाच घरात आली. १९६३ मध्ये सीमन आणि त्यांचे सहकारी बियाली यांनी दाखविले की, ही शामक औषधे पाण्याच्या पृष्ठभागावर जमतात, साबणाप्रमाणे त्याचा ताण कमी करतात, आणि रोग्यावर जे औषध अधिक प्रभावी ते पृष्ठभागावरही अधिक प्रभावी असते. त्याचे कारण रेणूच्या बांधणीत आहे. क्लोरप्रोमाझिनच्या तीन कड्यांस पाण्याचे वावडे आहे, तर त्याच्या शेपटाकडील नत्रावर शरीरातील आम्लतेत धन विद्युत्भार असतो आणि त्यास पाणी प्रिय. असा दुतोंडी रेणू पटलाच्या कडेस स्वाभाविकच शिरतो: कड्या आत स्निग्ध भागात, शेपूट बाहेर पाण्याच्या बाजूस.

पुढचा प्रयोग आम्हांस फार आवडतो, कारण तो सांगण्यास यंत्रांची नावे लागत नाहीत. तांबड्या रक्तपेशी फिक्या मिठाच्या पाण्यात टाकल्या की पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. त्या पाण्यात क्लोरप्रोमाझिन थोड्या प्रमाणात मिसळले तर फुटणाऱ्या पेशींची संख्या कमी होते. अधिक प्रमाणात मिसळले तर उलट तेच औषध त्यांस फोडते. सीमन यांनी १९६६ च्या सुमारास या गोष्टीचा कसून अभ्यास केला. पटलात शिरलेल्या रेणूंनी पटलाचे क्षेत्रफळ थोडेसे वाढते, म्हणून पेशीस फुटण्यापूर्वी अधिक पाणी सामावून घेता येते, असा त्यांनी अर्थ लावला. भुलीची औषधे, शामके, अँटिहिस्टामिने, सगळ्यांचे वर्तन सारखे. मज्जातंतूचे पटल असेच विस्तारले तर त्यातून विजेचा आवेग वाहणे मंदावेल, आणि मग मन शांत होईल, अशी ही तर्कपरंपरा होती. १९७२ मध्ये सीमन यांनी भुलीच्या आणि शामक औषधांच्या पटलावरील क्रियांविषयी जो विस्तृत आढावा लिहिला, तो या विषयावरील प्रमाणग्रंथासारखा मानला गेला. आमची ती दोन पाने याच विचारकुळातली.

आता एक कायदेपंडित या नात्याने हा पुरावा आम्ही तपासतो. आरोपी घटनास्थळी हजर होता हे सिद्ध झाले आहे. त्याच्या हातून त्या जागी काही घडले, हेही सिद्ध झाले आहे. त्याची हजेरी जितकी मोठी तितका परिणाम मोठा, अशी सांगडही आहे. एवढ्यावर पुष्कळ न्यायाधीश शिक्षा ठोठावतील. परंतु दोन प्रश्न शिल्लक राहतात. ज्यांच्या हातून गुन्हा घडलेला नाही असे दुसरे कोणी त्याच जागी त्याच रीतीने हजर होते काय? आणि गुन्ह्याच्या वेळी आरोपी खरोखरीच तेवढ्या बळाने हजर होता काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या अँटिहिस्टामिनांच्या मुखातूनच येत होते. प्रोमेथाझिन हे क्लोरप्रोमाझिनचे सख्खे भावंड. तेही पटलात शिरते, गुंगीही आणते. पण भ्रम आणि आभास यांवर ते चालत नाही. मग पटल विस्तारणे हाच जर उपाय असता, तर भावाभावांत एवढे अंतर का पडावे?

येथे आम्हांस थोडा वेळ मुंबईस यावे लागते, कारण पटलाच्या दाव्यास जे उत्तर मिळाले त्याची एक वाट आपल्या देशातून जाते. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर ती वापरून आपले निष्कर्ष १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्यांचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कमधील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन त्याचा उपयोग करू लागले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या यादीत लाबोरी, दनिकेर आणि क्लाइन यांच्याबरोबर वकील यांचेही नाव आहे. बेळगावात किंवा गोव्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस ही मुळी अनोळखी नाही. तिचा हा प्रवास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

रिसर्पिनने एक नवी गोष्ट उघड केली. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांस रिसर्पिन देऊन पाहिले. ससे निश्चेष्ट पडले. डोपामीन ज्यापासून बनते तो एल-डोपा टोचताच ते उठून हालचाल करू लागले. त्यावरून डोपामीन हा स्वतःच मेंदूतील एक निरोप्या आहे असे त्यांनी अनुमानिले. रिसर्पिन हा निरोप्या साठविणाऱ्या सूक्ष्म पुटिकांच्या पटलातील पंप बंद पाडते, त्यामुळे कोठार रिकामे होते, हे पुढे कळले. म्हणजे येथेही पटलच; पण त्यात सर्वत्र मुरणे नव्हे, तर त्यातील एका विशिष्ट यंत्राची कळ दाबणे.

कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी १९६३ मध्ये उंदरांस क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल दिले. हॅलोपेरिडॉल हे बेल्जियममधील पॉल जान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये तयार झालेले, फिनोथायझिनशी रासायनिक नाते नसलेले औषध. कोठार रिकामे झाले नाही. उलट निरोप्यांच्या उलाढालीचे अवशेष वाढले. जणू निरोप पोहोचत नाही म्हणून पाठविणारा वारंवार माणूस धाडीत होता. प्रोमेथाझिनने असे काही झाले नाही. निरोप घेणारी जागा, म्हणजे एर्लिख यांचा तो ग्राही, औषधाने अडविली असावी, असे त्यांचे अनुमान. त्याच वर्षी सीमन पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजीत होते. एकाच वर्षी एकाच औषधाविषयी दोन अनुमाने, आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष पुरावा नाही. एकीकडे परिणामावरून कारण, दुसरीकडे सांगडीवरून कारण.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः सीमन यांनीच शोधले, आणि आमचा सर्वांत अधिक आदर याच गोष्टीस आहे. १९६७ पासून ते टोरोंटो येथे होते. रोग्याच्या रक्तात औषध नेमके किती असते? गोळीतील बहुतांश औषध रक्तातील प्रथिनांस चिकटून राहते. पाण्यात मोकळे राहते ते फारच थोडे, आणि मेंदूपर्यंत पोहोचते ते हेच. हॅलोपेरिडॉलच्या बाबतीत हा आकडा एक ते दोन नॅनोमोल इतकाच भरला: एका लिटर पाण्यात मायक्रोग्रॅमचाही एक अंश. पटल विस्तारण्यासाठी आणि मज्जातंतू मंद होण्यासाठी याच्या शेकडो पट औषध लागते. आरोपी घटनास्थळी हजर होता खरा, पण ज्या बळाने तो गुन्हा घडला असे म्हटले जात होते त्याच्या शतांशानेही नव्हता. बेळगावच्या डॉक्टरांनी आम्हांस विचारलेला प्रश्न तो हाच. सीमन यांनी तो स्वतःस विचारला होता, आणि तोही आपल्या दहा वर्षांच्या श्रमांच्या विरोधात.

एक नॅनोमोलात काम करणारी जी जागा असेल ती औषधास घट्ट धरणारी असली पाहिजे. ती शोधण्यासाठी सीमन यांनी जान्सेन यांच्या कंपनीकडून ट्रिटियमने किरणोत्सारी केलेले हॅलोपेरिडॉल मिळविले. वासराच्या मेंदूतील ज्या भागात डोपामीन विपुल असते तो कुटून, त्यात हे औषध मिसळून, गाळणीवर धुऊन, मागे किती किरणोत्सार उरला ते मोजावयाचे. पद्धत साधी, पण अडचण मोठी. हॅलोपेरिडॉल तेलात विरघळणारे. ते मेंदूच्या स्निग्ध भागास, इतकेच काय गाळणीच्या कागदासही चिकटते. जे चिकटले त्यातले ग्राहीस किती आणि नुसत्या तेलास किती, हे कसे वेगळे करावयाचे?

येथे ब्यूटाक्लॅमॉल हे औषध कामास आले. माँट्रियल येथे आयर्स्ट कंपनीने तयार केलेल्या या औषधाची दोन रूपे आहेत, उजव्या आणि डाव्या हातासारखी. एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. तेलाला डावे-उजवे कळत नाही. दोन्ही रूपे पटलात सारखीच विरघळतात. पण मनोविकारावर चालते ते उजवे, डावे निरुपयोगी. हातमोज्यास मात्र डावे-उजवे नेमके कळते, आणि ग्राही हा हातमोजा आहे. उजवे ब्यूटाक्लॅमॉल मिसळले की जेवढे किरणोत्सारी हॅलोपेरिडॉल सुटून येते पण डाव्याने सुटत नाही, तेवढेच ग्राहीवरचे. बाकीचे वजा करावयाचे.

ही वजाबाकी वाचकांनी क्षणभर न्याहाळावी. ज्या चिकटण्यास दहा वर्षे औषधाची मुख्य क्रिया समजले गेले होते, ते आता हिशेबातील कचरा ठरले. आणि तो कचरा वजा करणारा हात तोच, ज्याने त्यास प्रतिष्ठा दिली होती.

१९७५ मध्ये सीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये त्यांनी, आणि बाल्टिमोर येथे क्रीस, बर्ट व स्नायडर यांनी, कित्येक औषधांची ग्राहीस धरण्याची शक्ती आणि रोग्यास लागणारा रोजचा डोस यांची तुलना मांडली. हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅम लागते, क्लोरप्रोमाझिन काही शेकडा मिलिग्रॅम. ग्राहीची घट्ट पकडही त्याच क्रमाने. या जागेस पुढे डी-२ हे नाव पडले. कोणी म्हणेल, ही देखील सांगडच झाली. खरे आहे. पण या सांगडीत औषधाची मात्रा रोग्याच्या शरीरातील मात्रेशी जुळते, निर्दोष भावंडे वगळली जातात, आणि प्रतिबिंब वेगळे ओळखले जाते. उलटतपासणीत टिकलेली साक्ष आणि न टिकलेली साक्ष यांत जो फरक, तोच येथे. कार्लसन यांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सीमन २०२१ मध्ये वारले, त्यापूर्वी अर्धशतक ते या एका ग्राहीपाशीच होते.

मग पटलाचा दावा फेटाळला गेला काय? मुख्य आरोपापुरता, होय. तथापि औषध पटलात शिरते हे असत्य नव्हते, आणि सत्य गोष्ट निरुपयोगी ठरली तरी कोठे तरी शिल्लक राहतेच. १९७४ मध्ये शीट्झ आणि सिंगर यांनी दाखविले की, क्लोरप्रोमाझिनने तांबड्या पेशींस वाटीचा आकार येतो. पटलाच्या आतल्या पदरात ऋण भाराचे स्निग्ध रेणू अधिक असतात, धन भाराचे औषध तेथे जमते, आतला पदर पसरतो आणि पेशी आत वळते. एका औषधाने पटलाचे दोन पदर वेगवेगळे वागतात हे त्यातून शिकावयास मिळाले. पुढे असेही दिसले की, ही औषधे पेशीतील आम्लधर्मी पिशव्यांत अडकून साठतात आणि तेथील स्निग्ध पदार्थांचा निचरा अडवितात. म्हणूनच ती ऊतींमध्ये रक्ताहून कितीतरी अधिक साचतात आणि बंद केल्यावरही सावकाश निघून जातात. एर्लांगेन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की, मज्जापेशींच्या निरोप साठविणाऱ्या पुटिकांतही ती अशीच साठतात आणि पेशी उत्तेजित झाली की निरोप्याबरोबर बाहेर पडतात. म्हणजे जेथे हे साठते आणि सुटते तेथे, त्या क्षणी, मात्रा रक्तातल्याहून पुष्कळ अधिक असू शकते. सीमन यांच्या हिशेबातील कचऱ्यास अशी एका कोपऱ्यात पुनश्च जागा मिळाली आहे. ती किती मोठी, याचा निवाडा व्हावयाचा आहे.

पटलाचे आणखी एक बिल रोग्यांनी चुकविले. हृदयाच्या पेशींच्या पटलात पोटॅशियम बाहेर सोडणारा एक मार्ग असतो. यांतील काही औषधे तो अडवितात आणि हृदयाचे ठोके धोकादायकपणे बिघडू शकतात. थायोरिडाझिन या फिनोथायझिनच्या बाबतीत हे इतके घडले की, ते २००५ मध्ये निर्मात्या कंपनीने जगभरच्या बाजारातून काढून घेतले. आणि डी-२ ग्राही अडविण्याचे बिल तर सेंत-आनपासूनच चुकविले जात आहे: ताठरलेले अंग, थरथरणारे हात, वर्षानुवर्षांनंतर न आवरणारी जिभेची आणि ओठांची हालचाल. ग्राही सापडल्यामुळे एवढे कळले की, ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा वाढविल्याने मन अधिक शांत होत नाही, अंग मात्र अधिक ताठते. पटलात जितके अधिक भिजेल तितके बरे, या समजुतीने हे कधीच कळले नसते. डी-२ न अडविताही छिन्नमनस्कतेवर चालणारे झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांचे मिश्रण सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तेव्हा हा ग्राही तरी एकमेव आरोपी आहे काय, हा प्रश्नही आता उभा आहे.

आमच्या दाव्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही पुतण्यांस बोलावले आणि ती दोन पाने लेखी युक्तिवादातून वगळणार असल्याचे सांगितले. थोरल्या पुतण्यास ते रुचले नाही. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने जे वाचलेले नाही ते आपण होऊन का सोडावयाचे, असे त्याने विचारले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. दीड मिलिग्रॅमच्या गोळीने बाईंच्या हातास किंचित कंप असे. त्यामुळे बक्षीसपत्रावरील त्यांची सही वेडीवाकडी आली होती, आणि तीच सही वेडाचा पुरावा म्हणून दाखविण्याचाही आमचा विचार होता. तोही आम्ही सोडला. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पुतण्यांनी अपील केले नाही. ते घर भाचीकडेच आहे; दावा संपल्यावर ती एकदा आमच्या कचेरीत आली होती, बाईंचे औषधाचे जुने कागद परत न्यावयास.